हरल्यावर खेळाडूचं नाव घेऊन ग्रुपवर लिहावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ऐरोलीच्या एका कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाला तुम्ही या मोसमापासून मानधनावर शिकवता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या ठाणे विभागात, दुसऱ्या फेरीत, संघ एका गुणानं मागे होता. शेवटची चढाई तुमच्या मुख्य चढाईपटूची होती. ती बोनसला, म्हणजे बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मिळणाऱ्या जादा गुणासाठी गेली आणि पकडली गेली. त्या रात्री तुम्ही तिचं नाव घालून "स्वतःच्या हौसेपायी संघ बुडवला" असा मजकूर लिहिलात. ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो टाकायचा आहे, त्यात खेळाडू, पालक, जिमखान्याचे प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी मिळून साठेक माणसं आहेत. तुमच्या ओळखीचे एक जुने कोच म्हणतात, चारचौघांत लाज वाटल्याशिवाय पोरं सुधारत नाहीत. आणि तुम्ही विचारताय, अमेरिकेत कॉलेजचे कोच पत्रकार परिषदेत नावं घेऊन बोलतात, मग आपणच एवढे हळवे का?

मजकूर अजून पाठवलेला नाही, असं तुम्ही लिहिलंय. पाठवू नका. का, ते सांगते. मी बावीस वर्षं ठाणे-कळवा भागात कॉलेजच्या मुलामुलींना कबड्डी शिकवतेय, त्याआधी स्वतः डाव्या कोपऱ्यात खेळले. जे लिहितेय ते बहुतेक माझ्या हातून बिघडलेल्या गोष्टींतून शिकलेलं आहे.

आधी त्या चढाईबद्दल. समोर मॅटवर किती जणी होत्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सहा किंवा सात असतील तर बोनस मिळू शकत होता आणि बोनस मिळाला असता तर बरोबरी होऊन निकालासाठी दोन्ही संघांच्या ५-५ चढाया झाल्या असत्या. म्हणजे तिचा निर्णय चुकीचा नव्हता. पाच किंवा कमी असतील तर बोनस लागूच नव्हता आणि तिनं मोजलं नाही, ही चूक. या दोन्ही अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या बाबतीत बघायचं ते पायाकडे: बोनस रेषेपलीकडे पाय टाकताना मागचा पाय हवेत होता का, वजन पुढे गेलं होतं का, ती त्यांच्या बलवान कोपऱ्याच्या बाजूनं का गेली. दुसऱ्या बाबतीत मोजणं शिकवायचं, आणि बाकावरून समोरच्यांचा आकडा ओरडून सांगायचं काम कोणाकडे होतं, हेही विचारायचं. "हौसेपायी" या शब्दात यातलं काहीच नाही. त्या शब्दावरून ती मुलगी उद्या सरावात नेमकं काय बदलेल?

आता तो मजकूर कोणासाठी आहे, याचा शांतपणे विचार करा. साठ जणांतल्या बारा जणी संघात आहेत. उरलेली अठ्ठेचाळीस माणसं तिचा पाय दुरुस्त करू शकत नाहीत. त्यांना फक्त एवढंच कळणार की हरलो ते कोचमुळे नाही. पुढच्या वर्षी मानधन चालू राहणार की नाही हे जिमखाना ठरवतो, दोन महिन्यांची मेहनत एका चढाईत गेली, प्राध्यापक काय म्हणतील, ही भीती खरी आहे आणि तिची लाज वाटायचं कारण नाही. मलाही ती वाटली आहे. पण ती भीती एकोणीस वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर टाकायची नसते.

मी टाकली होती. २०११ चा मोसम. मुलांचा संघ, उपांत्यपूर्व फेरी. आम्ही एका गुणानं पुढे, समोरच्यांची शेवटची चढाई. माझा उजव्या कोपऱ्यातला बचावपटू लवकर झेपावला, घोट्याला हात घातला, कव्हर, म्हणजे आतल्या जागेवरचा बचावपटू, त्याच्या मागोमाग आला, पण चढाईपटू दोघांना घेऊन मध्यरेषेपलीकडे पोचला. दोन गुण गेले, एका गुणानं हरलो. बाहेर आल्यावर एका स्थानिक पेपरचा वार्ताहर भेटला. "काय झालं?" म्हणाला. मी त्या मुलाचं नाव घेऊन सांगितलं, तीस सेकंद थांबता आलं नाही, उतावीळपणानं सामना घालवला. दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. मुलगा किसननगरला राहायचा, वडील रबाळ्याच्या एमआयडीसीत पाळीवर. चाळीखालच्या चहाच्या टपरीवर तो पेपर यायचा. वडिलांना ती बातमी कामावर निघताना कोणीतरी वाचून दाखवली.

आठवड्याभरानं एका पालकानं हँडीकॅमवर टिपलेला सामना आम्ही जिमखान्यात बसून पाहिला. शेवटच्या टाइमआउटमध्ये कॅमेरा आमच्या घोळक्याकडे होता आणि माझा आवाज स्वच्छ ऐकू येत होता: "याला बोनस द्यायचा नाही, रेषेआधीच अडवा." पोरानं मी सांगितलं तेच केलं होतं. उशीर झाला होता तो कव्हरला, तोही एका पावलाचा, कारण त्याला नेमकं कधी निघायचं हे मी सांगितलंच नव्हतं.

त्या मुलानं मला एका शब्दानं विचारलं नाही. संघही सोडला नाही, रोज सरावाला यायचा. म्हणूनच नुकसान माझ्या लक्षात यायला वेळ लागला. तो पुढे झेपावायचा थांबला. दुसऱ्यानं पकड केली की मग हा साखळीत येऊन आधार द्यायचा. स्वतःहून घोट्याला हात म्हणून घालेना. कोपरारक्षकाची सगळी किंमत त्या एका क्षणाच्या धाडसात असते. ते गेलं की उरतो तो कोपऱ्यात उभा राहिलेला माणूस. आणि बघणाऱ्यांनीही धडा घेतला. दोन महिन्यांनी एका चढाईपटूचा घोटा सुजला होता, त्यानं पट्टी गुंडाळून, वर मोजे चढवून लपवला. का, विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हरलो असतो तर नाव आलं असतं." एवढं बोलून तो खाली बघत उभा राहिला, ते मी विसरले नाही. चूक लपवणाऱ्या खेळाडूला शिकवता येत नाही आणि दुखणं लपवणाऱ्याला वाचवता येत नाही.

मी संघासमोर आणि वडिलांच्या घरी जाऊन माफी मागितली. पेपरात काही दुरुस्ती छापली जात नाही. पोरगा पुन्हा मोकळेपणानं झेपावायला लागायला जवळजवळ वर्ष गेलं.

तुमच्या जुन्या कोचना मी खोटं ठरवत नाही. त्यांनी आयुष्यभर पाहिलंय की पोरगं वाईट खेळलं, चारचौघांत झापलं आणि पुढच्या सामन्यात चांगलं खेळलं. पाहिलेलं खरं आहे, फक्त कारण चुकीचं जोडलंय. नोबेल मिळवलेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत असताना एक अनुभवी प्रशिक्षक त्यांना हेच म्हणाला होता: कौतुक केलं की वैमानिक पुढच्या वेळी बिघडतो, ओरडलं की सुधारतो. कानेमन यांच्या लक्षात आलं की अतिशय वाईट झालेल्या प्रयत्नानंतरचा प्रयत्न एरवीही बहुतेक वेळा बरा होतो, आणि अतिशय चांगल्यानंतरचा थोडा उतरतो. माणूस आपल्या नेहमीच्या पातळीकडे परततो. आपल्या भाषेत सांगायचं तर जी मुलगी एरवी सामन्याला सात-आठ गुण घेते, तिनं एखाद्या दिवशी एकच घेतला, तर पुढच्या सामन्यात ती पाच-सहा घेणारच, तुम्ही झापा किंवा वडापाव खाऊ घाला. पण झापलं असेल तर श्रेय झापण्याला जातं. आपण नेहमी वाईट दिवशीच झापतो, त्यामुळे हा भ्रम तीस-तीस वर्षं टिकतो.

टीकेचा उपयोग कधी होतो यावरही अभ्यास झाला आहे. अवराहाम क्लुगर आणि अँजेलो डीनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे जुने प्रयोग एकत्र तपासले, त्यांतले ६०७ परिणाम मोजले. सरासरीनं अभिप्रायाचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा तो दिल्यावर कामगिरी खालावली होती. त्यांचं स्पष्टीकरण मला मॅटवर रोज दिसतं: लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं की अभिप्रायाचा उपयोग घटतो. "मागचा पाय उचल" हे काम. "हौशी आहेस" ही ती स्वतः. आणि साठ जण बघत असतील तर पायाबद्दल बोललात तरी तिचं लक्ष पायाकडे राहणार नाही, ते त्या साठ जणांच्या डोळ्यांकडे जाईल.

अमेरिकेबद्दल. तिथे कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलला हजारो प्रेक्षक तिकीट काढून येतात, टीव्हीचे मोठे करार असतात, सामन्यानंतर कोचला पत्रकारांसमोर बसावंच लागतं. जुलै २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे कमवायची मुभा मिळाली, तेव्हापासून "आता हे व्यावसायिकच, मग टीका सहन करा" असं म्हणणारे वाढले. आपल्या मुलींना काय मिळतं? किट, प्रवासखर्च, नशीब असेल तर नाश्ता. पुढे विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पश्चिम विभाग, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ, खेलो इंडिया असा रस्ता आहे, आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण हे एक स्वप्न. त्या रस्त्याच्या पहिल्या वळणावर त्या उभ्या आहेत.

आणि अमेरिकेतही सगळे एका सुरात बोलत नाहीत. २००७ मध्ये ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचे कोच माइक गंडी पत्रकार परिषदेत भडकले होते ते खेळाडूवर नव्हे. एका वृत्तपत्रातल्या स्तंभात त्यांच्या फुटबॉल संघाच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे चाल खेळवणाऱ्या मुख्य खेळाडूवर, वैयक्तिक टीका आली होती, त्यावर ते भडकले. त्यांचं म्हणणं होतं, बोलायचं तर मला बोला, मी चाळीस वर्षांचा बाप्या आहे. तो पोरगा विद्यार्थी आहे, पैसे घेऊन खेळत नाही. त्यांचा सूर मला पटत नाही, पण कोचनं उभं कुठे राहायचं, ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

इतक्या लांब जायचीही गरज नाही, ऐरोलीहून नेरुळ हाकेच्या अंतरावर आहे. २०२५ च्या महिला क्रिकेट विश्वचषकात भारत ओळीनं तीन सामने हरला होता. तिसरा, १९ ऑक्टोबरला इंदूरला, इंग्लंडविरुद्ध ४ धावांनी, जिंकत आलेला सामना. त्यानंतर संघाचे कोच अमोल मुझुमदार ड्रेसिंग रूममध्ये कडक बोलले. आपल्याला ते कळलं कारण कर्णधार हरमनप्रीतनं नंतर सांगितलं, आणि सांगताना संघानं ते चांगल्या अर्थानं घेतल्याचंही सांगितलं. बंद दारामागे, सगळ्यांना मिळून, खेळाबद्दल. ३० ऑक्टोबरला नेरुळच्याच डी. वाय. पाटील मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग झाला आणि २ नोव्हेंबरला तिथेच विश्वचषक. मुझुमदार बोलले म्हणून कप आला असं मी म्हणणार नाही, वर कानेमनचं सांगून झाल्यावर तसं म्हणणं बरंही दिसणार नाही. मला त्यातली जेमिमा रॉड्रिग्जची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. इंदूरच्या सामन्यातून तिला वगळलं होतं. पुढच्या सामन्यात ती परतली, उपांत्य फेरीत नाबाद १२७ केल्या आणि त्या संध्याकाळी रडत रडत तिनं सांगितलं की स्पर्धेत आपण खूप चिंतेतून गेलो, जवळजवळ रोज रडलो. बाहेर बसवणं ही स्वतःच केवढी मोठी, सगळ्या देशाला दिसणारी टीका असते. त्यावर कोचनं वेगळे शब्द चढवायची गरज नसते. तुम्हालाही तुमच्या चढाईपटूला पुढच्या सामन्यात पहिल्या सातमध्ये न घेण्याचा पूर्ण अधिकार आहे. तो वापरावासा वाटला तर वापरा, पण आधी तिला समोर बसवून कारण सांगा.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टीही आहेत. बाकावरून "पाय मागे!", "सहा आहेत!" असं घसा फोडून ओरडणं ही टीका नाही, ती सूचना आहे. ती जगासमोर झाली तरी चालते. पंचांना शिवीगाळ, मारामारी, सराव बुडवून खोटं सांगणं ही वर्तनाची बाब. तिथे कारवाई झाली हे सगळ्यांना कळायला हवं. पंचांचं हिरवं, पिवळं, लाल कार्डही उघडच दिसतं. तरी मुलीची बाजू ऐकल्याशिवाय नको, आणि सांगताना नियम आणि शिक्षा एवढंच. संघात अकरावी-बारावीच्या मुली असतील तर त्या बहुतेक अठराच्या आतल्या आहेत, त्यांच्या बाबतीत मी एका क्षणाचीही सूट घेणार नाही. काही मुली खरोखर म्हणतात, "मॅडम, सगळ्यांसमोर सांगा, मला चालतं." अशी मुलगी कर्णधार असेल तर मी संघाच्या बैठकीत तिला थेट बोलते. पण हे तिनं आधी, शांत वेळी सांगितलेलं असावं लागतं. हरल्याच्या रात्री विचारलं तर सगळ्या होच म्हणतात, कारण निवड आपल्या हातात असते. ज्याला उलट उत्तर देता येत नाही त्याच्यावर उघड टीका करताना हे विसरून चालत नाही.

मुलींच्या संघाबद्दल आणखी एक, आणि हे तुम्ही नवीन आहात म्हणून मुद्दाम सांगते. कळवा, दिवा, घणसोली, कुठूनही येणाऱ्या मुली असोत, कित्येकींच्या घरी खेळायची परवानगी एका धाग्यावर लटकलेली असते. संध्याकाळी सातची लोकल, शॉर्ट्स, अभ्यास, लग्नाचं वय, प्रत्येक गोष्टीवर घरात बोलणी झालेली असतात. ग्रुपवर पालक आहेत. "तुझे कोचच म्हणतायत तू संघ बुडवलास, मग कशाला जातेस?" हे वाक्य तुम्ही त्या घरात आयतं पोचवणार. मुलगा असता तर चार दिवस टोमणे खाऊन परत आला असता. मुलगी परत येईलच असं नाही.

मी आता काय करते? हरल्याच्या दिवशी मी खेळाबद्दल बोलत नाही. पाणी, बर्फ, कोण कोणाबरोबर घरी जाणार, एवढंच. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ. बैठकीत त्या दिवशी मॅटवर आणि बाकावर जे होते तेवढेच, बाकी प्राध्यापक असोत की माजी खेळाडू, कोणी नाही. पहिली चूक मी माझी सांगते, आणि ती खरी असावी लागते. लटकी विनम्रता पोरांना लगेच कळते. मग प्रत्येक जण स्वतःची सांगते. तिथे नावं येतात, येऊ देते, कधी आवाजही चढतात. त्यानंतर जिच्याशी कठोर बोलायचं तिला वेगळं बसवते. वहीत तिच्या चढायांची नोंद असते, किती यशस्वी, किती रिकाम्या, कितींदा बाद. तिथे मी मऊ बोलत नाही. "तू शेवटच्या दहा मिनिटांत चार वेळा उजवीकडेच गेलीस, त्यांना कळलं होतं, तुला कळलं नाही" हे मी तोंडावर सांगते आणि ती रडली तरी मागे घेत नाही. मग आम्ही मॅटवर जातो आणि डावीकडून बोनस वीस वेळा घेतो. पूर्वी मी ही नोंद जिमखान्याच्या फळ्यावर लावायचे. आता फक्त संघाचे आकडे लावते.

थोडक्यात, बोला, हवं तेवढं कडक बोला, पण ज्यांना ती चूक दुरुस्त करता येते त्यांच्यातच. ग्रुपवर जायला हवा असा मजकूर हवा असेल तर साधा लिहा: एका गुणानं मागे असताना शेवटच्या चढाईत पकडले गेलो. बोनसची आमची तयारी कमी पडली, ती माझी जबाबदारी. सोमवारपासून त्यावरच काम. मुली संपूर्ण सामना लढल्या. खाली स्वतःचं नाव. प्राध्यापकांना कारण द्यायचं असेल तर त्यांना स्वतंत्र भेटा, वही घेऊन जा. मानधनाची काळजी करणाऱ्या कोचपेक्षा वही दाखवणाऱ्या कोचला जिमखाना जास्त गांभीर्यानं घेतो, असा माझा अनुभव आहे.

आणि सोमवारी सरावाच्या पंधरा मिनिटं आधी तिला बोलवा. पहिला प्रश्न विचारा, समोर किती जणी होत्या. ती काय सांगते ते पूर्ण ऐका. सहा म्हणाली, तर मॅटवर बोनस रेषेपाशी खडूनं एक खूण करा आणि मागचा पाय कुठून सुटला ते तिलाच दाखवायला सांगा.